छायाचित्राची उलटतपासणी : आन्येस वार्दा यांची कारकीर्द

न्यायालयात एखादे छायाचित्र पुराव्यादाखल हजर केले म्हणजे वकिलाचे काम संपले असे होत नाही; खरे पाहता तेथूनच ते सुरू होते. छायाचित्र कोणी काढले, केव्हा काढले, त्यात दिसणारी माणसे कोण, हे शपथेवर सांगणारा कोणीतरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहावा लागतो. १८७२ चा पुरावा कायदा दीडशे वर्षे चालला आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तथापि कायद्याची ही मूळ अपेक्षा बदललेली नाही. छायाचित्र दाखवते, पण बोलत नाही. बोलण्यासाठी माणूसच लागतो.

आपल्या घरांतूनही हाच अनुभव येतो. बैठकीच्या भिंतीवर पगडी घातलेले, काठी टेकून बसलेले पूर्वज असतात. तिसऱ्या पिढीला त्यांचे नाव सांगता येत नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी काढलेले एखादे छायाचित्र अग्रशाळेत टांगलेले असते. त्यात पुढच्या रांगेत बसलेले महाजन कोणीतरी ओळखतो. मागच्या रांगेत उभे असलेले पालखीचे भोई, वाजंत्री आणि दिवट्या धरणारे यांची नावे कोणी विचारलेलीच नसतात. चित्र सुरक्षित राहते आणि माणूस हरवतो.

ज्यांनी या हरवलेल्या माणसाचा प्रश्न आयुष्यभर पाठीशी घेतला अशा एका फ्रेंच कलावतीची कारकीर्द आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आन्येस वार्दा हे त्यांचे नाव. त्या प्रथम छायाचित्रकार होत्या, पुढे चित्रपट-दिग्दर्शिका झाल्या, आणि २९ मार्च २०१९ रोजी नव्वदाव्या वर्षी पॅरिस येथे निवर्तल्या.

छायाचित्रकाराने चित्रपटाकडे वळणे ही गोष्ट आपणांस अपरिचित नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली, आणि १८९९ साली सावे दादा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईतील एका कुस्तीचे चित्रीकरण केले. ते मूळचे छायाचित्रकारच. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. १९१२ साली त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची एकेक स्थिरचित्र घेत वाढ टिपली, आणि पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला. फाळक्यांना स्थिरचित्रात गती हवी होती. वार्दाबाईंना गतीपेक्षाही आणखी काही हवे होते. चित्राला शब्द हवेत, असे त्यांचे म्हणणे होते.

वार्दाबाईंचा जन्म ३० मे १९२८ रोजी बेल्जममध्ये ब्रुसेल्सच्या इक्सेल या भागात झाला. वडील ग्रीक वंशाचे, आई फ्रेंच. पाळण्यातले नाव आर्लेत. अठराव्या वर्षी त्यांनी ते बदलून आन्येस केले. १९४० साली जर्मन सैन्य आले तेव्हा कुटुंब दक्षिण फ्रान्सच्या सेत या बंदरगावी आश्रयास गेले आणि तेथे एका नौकेवर राहू लागले. ज्या मुलीचे घर पाण्यावर तरंगत होते तिला समुद्रकिनारा हे आपले अंगण वाटू लागले तर नवल नाही. पुढे पॅरिसला त्यांनी लूव्र संग्रहालयाच्या शाळेत कलेतिहासाचा अभ्यास केला. संग्रहालयात नोकरी करण्याचा विचार होता. तो सोडून त्या रात्रीच्या वर्गात छायाचित्रण शिकल्या.

नटश्रेष्ठ झाँ व्हिलार हे सेतचेच. त्यांनी १९४७ मध्ये आव्हीन्यों येथे नाट्यमहोत्सव सुरू केला आणि १९५१ पासून पॅरिसच्या राष्ट्रीय लोकनाट्यगृहाची धुरा घेतली. त्यांच्या नाटकांची छायाचित्रे काढण्याचे काम वार्दाबाईंकडे आले आणि दशकभर राहिले. जेरार फिलीप या अल्पायुषी नटाची जी रूपे आज फ्रेंच रसिकांच्या डोळ्यांसमोर आहेत त्यांपैकी अनेक वार्दाबाईंच्या भिंगातून आलेली आहेत. नाटक रात्री संपते, नट मुखवटा उतरवतो, आणि उरते ते छायाचित्र. ही उरण्याची गोष्ट त्यांच्या मनात तेव्हापासून रुजली असावी. १९५१ पासून त्या ज्या रस्त्यावर राहिल्या त्याचे नावही दागेर रस्ता, म्हणजे छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकाचेच नाव. तेथील आपल्या घराच्या अंगणात १९५४ साली त्यांनी आपल्या छायाचित्रांचे पहिले प्रदर्शन मांडले.

त्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी पहिला चित्रपट काढला : 'ला प्वांत कुर्त'. सेतमधील कोळ्यांच्या एका वस्तीचे हे नाव. तोपर्यंत त्यांनी स्वतः पाहिलेले चित्रपट मोजके होते, असे त्या सांगत. विल्यम फॉकनरच्या कादंबरीतून त्यांनी रचनेची एक कल्पना घेतली : दोन कथा आलटून पालटून चालाव्यात आणि एकमेकींत मिसळू नयेत. एका कथेत संसाराचा हिशेब मांडणारे नवराबायको. ही कामे नाट्यगृहातील फिलीप न्वारे आणि सिल्व्हिया माँफोर यांनी केली. दुसऱ्या कथेत कोळी, आणि ते कोळी खरेच त्या वस्तीतले. खाडीचे पाणी दूषित आहे म्हणून सरकारने तेथील शिंपले काढण्यास मनाई केली आहे, निरीक्षक येताहेत, आणि वस्ती एकमुखाने त्यांना चुकवते आहे. पोट आणि नियम यांचा हा तंटा गोव्याच्या खाजणांपासून रत्नागिरीच्या खाड्यांपर्यंत कोणालाही समजेल असा आहे.

वस्तुतः हा चित्रपटही नियमाला चुकवूनच जन्मला. फ्रान्समध्ये राष्ट्रीय चित्रपट केंद्राची रीत अशी होती की साहाय्यक म्हणून पायऱ्या चढल्यावाचून दिग्दर्शकाचा परवाना मिळू नये. वार्दाबाईंपाशी परवाना नव्हता, अनुभव नव्हता, पैसाही बेताचा. नट आणि तंत्रज्ञ वेतनाऐवजी भागीदार झाले आणि काम पुरे झाले. शासनाच्या लेखी तो हौशी ठरला आणि त्याला व्यापारी प्रदर्शनाची वाट बंद झाली. जानेवारी १९५६ मध्ये पॅरिसच्या एका लहान चित्रगृहात तो लागला. पुढे प्रख्यात झालेले आलँ रेने यांनी त्याचे संकलन केले. प्रथम ते कांकू करीत होते, कारण आपण स्वतः जे शोधतो आहोत तेच या मुलीने आधी करून ठेवले आहे असे त्यांना दिसले. फ्रेंच चित्रपटातील 'नव्या लाटे'चा गवगवा १९५९ पासून झाला. इतिहासकार आज तिचा उगम शोधीत या कोळीवाड्यापर्यंत येतात.

येथून पुढच्या सर्व चित्रपटांची यादी देण्याचा आमचा विचार नाही. १९६२ चा 'पाच ते सात क्लेओ' त्यांना जगभर घेऊन गेला : रोगाच्या निदानाची वाट पाहणाऱ्या एका गायिकेची ही दीड तासाची कहाणी, आणि चित्रपटही दीडच तासाचा. ज्या बाईकडे सगळे पाहत असतात ती हळूहळू स्वतः जगाकडे पाहू लागते, एवढेच त्यात घडते. त्याच वर्षी दिग्दर्शक झाक दमी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९६५ च्या 'सौख्य' या चित्रपटास बर्लिनचे पारितोषिक मिळाले आणि त्यावर वादही पुष्कळ झाले. १९७१ साली गर्भपाताच्या हक्कासाठी ३४३ स्त्रियांनी काढलेल्या जाहीरनाम्यावर, कायद्याचा बडगा ओढवण्याची शक्यता असताना, त्यांनी सही केली. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या कामातील एका सूत्राविषयी. चित्रपटकर्ती झाल्यावरही त्या आपल्या छायाचित्रांना सोडून गेल्या नाहीत. त्या पुनःपुन्हा त्यांच्यापाशी परत आल्या आणि त्यांना प्रश्न विचारू लागल्या.

१९६३ चा क्यूबाविषयीचा लघुपट घ्या. क्रांतीनंतरच्या क्यूबात जाऊन त्यांनी हजारो स्थिरचित्रे काढली, आणि त्यांतील हजाराहून अधिक चित्रे एकापाठोपाठ एक ठेवून, त्यांवर गाणी आणि निवेदन घालून त्यांनी चित्रपट रचला. त्यात बेनी मोरे हा लोकप्रिय गायक नाचताना दिसतो. चित्रपट पुरा होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९६३ मध्ये, तो वारला होता. मेलेला माणूस गोठलेल्या तुकड्यांनी नाचतो आहे आणि निवेदन आपणांस सांगते आहे की तो आता नाही.

१९७५ च्या 'दागेरोतीप' या अनुबोधपटात त्यांनी आपल्याच रस्त्यावरील दुकानदार चित्रित केले : पाववाला, खाटीक, शिंपी, अत्तरे विकणारे वृद्ध जोडपे. मूल लहान असल्याने घर सोडून दूर जाणे शक्य नव्हते. म्हणून घरातून विजेची तार काढून ती जेथवर पोहोचेल तेथवरच चित्रीकरण करावयाचे, असे त्यांनी ठरविले. अडचणीलाच त्यांनी सीमा मानले आणि त्या सीमेत एक जग सापडले. ही दुकाने पुढे उठली, माणसे गेली. पण ती कोणत्या गावाहून आली, एकमेकांना कशी भेटली, रात्री कोणती स्वप्ने पाहत, हे त्यांच्या तोंडून नोंदले गेले आहे. आपल्या देवस्थानांच्या पेठांतील फुलवाले, हलवाई आणि कासार यांची अशी नोंद कोणी केली असती तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

परंतु उलटतपासणी हा शब्द ज्यास खरोखर शोभतो तो 'युलिस' हा १९८२ चा लघुपट. १९५४ च्या मे महिन्यात कॅलेजवळच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर वार्दाबाईंनी एक छायाचित्र काढले होते. एक विवस्त्र पुरुष पाठमोरा उभा राहून समुद्राकडे पाहतो आहे, एक लहान मुलगा खाली बसला आहे, आणि जवळच कड्यावरून पडून मेलेली एक शेळी आहे. अठ्ठावीस वर्षांनी त्या हे चित्र घेऊन निघाल्या. तो पुरुष आता एका सुप्रसिद्ध स्त्री-नियतकालिकाचा कलासंपादक झाला होता. आपले अंग त्याने ओळखले, पण तो दिवस त्याला फारसा आठवेना. मुलगा पुस्तकविक्रेता झाला होता. त्याला काहीच आठवत नव्हते. एवढेच नव्हे, तर लहानपणी त्याने स्वतः त्या छायाचित्रावरून एक रंगीत चित्र काढले होते. ते समोर ठेवले तरी स्मृती जागी झाली नाही. आठवत होते ते त्याच्या आईला, कारण तेव्हा मूल आजारी होते आणि आईच्या काळजाला ती आठवण चिकटून राहिली होती. पुढे वार्दाबाई त्या आठवड्याच्या वार्ता चाळतात. त्याच महिन्यात दूर व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूचा पाडाव झाला होता. किनाऱ्यावरच्या चित्रात त्याचा मागमूसही नाही. शेवटी एका शेळीला ते छायाचित्र दाखविले जाते आणि ती ते खाऊन टाकते!

वकिलीच्या धंद्यात आम्ही किती साक्षीदार पाहिले असतील, पण दस्तऐवज अस्सल, साक्षीदार प्रामाणिक, आणि तरीही सत्य हाती येत नाही, या प्रसंगाचे इतके स्वच्छ चित्रण आमच्या पाहण्यात नाही. चित्र खोटे नव्हते. माणसेही खोटी नव्हती. दोहोंमधील धागा तेवढा तुटला होता आणि तो एका आईपाशी उरला होता. त्यानंतर १९८३ मध्ये दूरचित्रवाणीसाठी त्यांनी १७० अतिलघुपटांची एक मालिका केली. प्रत्येकात एकच छायाचित्र, ते पाहून मनात येईल ते बोलणारा एक आवाज, आणि चित्रकाराचे नाव अखेरीस. आधी पाहा, बोला. नावाच्या दडपणाखाली येऊ नका, असा त्याचा अर्थ.

१९८५ च्या 'साँ त्वा नी ल्वा' या चित्रपटास व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. शीर्षकाचा अर्थ 'ना छप्पर, ना कायदा'. हिवाळ्याच्या सकाळी शेताकडेच्या चरात एका भटक्या तरुणीचे गारठून मेलेले शरीर सापडते. पोलिस येतात, मोजमाप करतात, छायाचित्र काढतात, पंचनामा होतो आणि प्रकरण मिटते. ज्या क्षणी कायद्याचे काम संपते त्या क्षणी वार्दाबाईंचे सुरू होते. तिला ज्यांनी ज्यांनी पाहिले ते एकेक जण येऊन आपापली साक्ष देतात : मजूर, मोलकरीण, प्राध्यापिका, मेंढपाळ. कोणाला तिचा हेवा वाटला, कोणाला किळस, कोणाला स्वतःची लाज. या साक्षींतून ती मुलगी पुरती कधीच उभी राहत नाही. उभे राहतात ते साक्षीदार. सांद्रिन बोनेर या कोवळ्या वयाच्या नटीने हे काम इतक्या निष्ठुर खरेपणाने केले की प्रेक्षकास तिची कीव करण्याचीही सवड मिळत नाही. बेवारस प्रेताच्या कागदांवर सही करून मोकळ्या होणाऱ्या आपल्या व्यवस्थेने हा चित्रपट अवश्य पाहावा.

आणि आता २००० सालच्या त्या अनुबोधपटाकडे येऊ, ज्याने आम्हांस वार्दाबाईंचे कायमचे ऋणी केले : 'ले ग्लानर ए ला ग्लानझ', म्हणजे 'वेचणारे आणि वेचणारी'. पीक निघाल्यावर शेतात उरलेले दाणे, बटाटे, फळे वेचणाऱ्यांचा हा प्रवास. चित्रकार मिये यांनी १८५७ साली रंगविलेल्या, वाकून कणसे वेचणाऱ्या तीन स्त्रियांपासून तो सुरू होतो आणि पॅरिसच्या उठलेल्या बाजारातील टाकलेल्या भाज्यांपर्यंत येतो. यंत्राच्या मापात न बसणारे बटाटे टनावारी फेकून दिले जातात. त्यांत वार्दाबाईंना हृदयाच्या आकाराचे बटाटे सापडतात आणि त्या ते घरी घेऊन येतात. त्यात एक काळा झगा घातलेला वकील भर शेतात, हाती दंडसंहिता घेऊन उभा आहे! पीक पुरते निघाल्यानंतर, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत वेचण्यास मोकळीक आहे, असे तो कलमावर बोट ठेवून सांगतो, आणि २ नोव्हेंबर १५५४ च्या राजाज्ञेचा दाखला देतो. साडेचारशे वर्षे टिकलेला हा गरिबाचा हक्क. मालकी पिकावर असते. मालकाने सोडून दिलेल्या उरल्यासुरल्यावर भुकेचा अधिकार आहे, हे त्यातील तत्त्व.

आपल्या वाचकांस येथे उंछवृत्तीचे स्मरण झाले असेल. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात शेतात पडलेले दाणे आणि कणसे वेचून जगणे यास 'ऋत' अशी संज्ञा देऊन उपजीविकेच्या मार्गांत अग्रस्थान दिले आहे. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील अर्ध्या सोन्याच्या मुंगसाची कथा तर सर्वश्रुत आहे : वेचलेल्या जवाच्या मूठभर सातूचे दान युधिष्ठिराच्या यज्ञाहून श्रेष्ठ ठरले. आपल्याकडे वेचणे हे व्रत मानले गेले, फ्रान्समध्ये तो हक्क ठरला. व्रत वेचणाऱ्याला मोठे करते. हक्क मालकाला आवर घालतो. समाजाला दोन्ही लागतात. पण अन्नदानाच्या पंगती उठल्यावर मागच्या दाराशी उभे राहणाऱ्यांकडे पाहताना आपण व्रताची कथा आठवतो आणि हक्काची विसरतो, हे कबूल केले पाहिजे.

या चित्रपटात वार्दाबाई स्वतःसही वेचणाऱ्यांत गणतात. हाती मावेल एवढ्या लहान अंकीय कॅमेऱ्याने त्या एका हाताने दुसऱ्या हाताचे, त्यावरील सुरकुत्यांचे चित्रण करतात. छायाचित्रकार तरी दुसरे काय करतो? काळाच्या शेतातून जे पडले ते तो वेचतो. मात्र वेचलेले परत कोणाला तरी द्यावयाचे असते, आणि त्यांच्या उत्तरायुष्यातील सगळी धडपड या परत देण्याची होती. १८ जानेवारी २००७ रोजी पॅरिसच्या पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकात, नाझी राजवटीत ज्यूंना लपवून वाचविणाऱ्या फ्रेंच माणसांचा गौरव झाला. तेथे वार्दाबाईंनी त्या सामान्य माणसांची छायाचित्रे मांडली आणि सोबत त्यांच्या कृतींचे चित्रपट दाखविले. २००८ च्या 'आन्येसचे समुद्रकिनारे' या आत्मचरित्रपर चित्रपटात त्या पुन्हा सेतच्या कोळीवाड्यात गेल्या. पहिल्या चित्रपटाच्या तयारीत त्यांनी तेथील एका तरुणाचे थोडे चाचणी-चित्रण केले होते. तो पुढे लवकरच वारला. आता प्रौढ झालेले त्याचे दोन मुलगे रात्रीच्या अंधारात एक हातगाडी ढकलत नेतात, आणि गाडीवरच्या पडद्यावर त्यांचा बाप चालताबोलता दिसतो. पालखी वाहणाऱ्यांना या दृश्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

२०१७ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटासाठी, नव्वदीकडे झुकलेल्या वार्दाबाई जेआर या तरुण छायाचित्रकाराबरोबर खेडोपाडी हिंडल्या. खाणकामगार, शेतकरी, गोदीकामगारांच्या बायका यांची छायाचित्रे काढावयाची आणि भिंतीएवढी करून त्यांच्याच भिंतींवर लावावयाची, असा हा उद्योग. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कड्यावरून कोसळलेला एक जर्मन तटबंदीचा सांगाडा होता. त्यावर त्यांनी आपल्या दिवंगत छायाचित्रकार मित्राचे, गी बुर्दँ यांचे, १९५४ साली काढलेले छायाचित्र चिकटविले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतात तो भरतीने ते पार धुऊन नेले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना सन्मानार्थ ऑस्कर मिळाले. दिग्दर्शिकेस हा मान प्रथमच मिळत होता. आम्हांस मात्र त्या धुतल्या गेलेल्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या वृद्धेचे मोल अधिक वाटते. चित्र जाणारच हे तिला ठाऊक होते. म्हणूनच ती त्याच्याविषयी बोलून ठेवीत होती.

वार्दाबाईंपाशी कॅमेरा होता; आपल्यापाशी पेन्सिल तर आहे? घरातील, देवळातील, संस्थेतील जुनी छायाचित्रे खाली उतरवून, सांगणारे म्हातारे माणूस आहे तोवर त्याला शेजारी बसवून, प्रत्येकाच्या पाठीमागे नावे लिहून घ्यावीत. प्रारंभ मागच्या रांगेपासून करावा. पुढच्या रांगेतल्यांची नावे बहुधा देणगीच्या फरशीवर कोरलेली असतातच.